विश्लेषण : युद्धक्षेत्रातील खासगी नोकरीसाठी कोणती पात्रता लागते? महादजी शिंदेंच्या डी बॉयनची कहाणी काय सांगते?

सुरक्षा सहायक किंवा मदतनिसाच्या नोकरीचे आमिष दाखवून भारतीय तरुणांना रशियात नेले आणि तिथून युद्धभूमीवर ढकलले, हे प्रकरण केंद्रीय अन्वेषण विभागाने मार्च २०२४ मध्ये उघडकीस आणले. परदेशात, युद्धाच्या छायेत शस्त्र घेऊन काम करायचे तर नेमकी पात्रता कोणती, हा प्रश्न त्यानंतर पुन्हा चर्चेत आला. हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. सुमारे २४० वर्षांपूर्वी महादजी शिंदेंनी अशाच एका परदेशी माणसाला पारखून चाकरीत घेतले होते.

डी बॉयन कोण होता?

बेन्वा द बॉयन, मराठीत रुळलेले नाव डी बॉयन. जन्म ८ मार्च १७५१, शांबेरी येथे. हे गाव आज फ्रान्समध्ये असले तरी तेव्हा सार्डिनियाच्या राज्यात होते. वडील कातडी-लोकरीच्या पोशाखांचे व्यापारी. मुलाला मात्र शिपाईगिरीची ओढ. सतरा वर्षांचा असताना तो फ्रान्सच्या चाकरीतील आयरिश पलटणीत दाखल झाला. त्या काळी ही पलटण शिस्तीसाठी नावाजलेली होती. काही वर्षांनी तिथे बढतीची आशा दिसेना, म्हणून तो तुर्कांशी लढणाऱ्या रशियाच्या बाजूने गेला आणि तुर्कांच्या हाती सापडला. सुटका झाल्यावर तो इजिप्तमार्गे १७७८ मध्ये मद्रासला पोहोचला. तिथे ईस्ट इंडिया कंपनीच्या देशी पलटणीत त्याला कनिष्ठ अधिकाऱ्याची जागा मिळाली. पण तीही त्याने काही वर्षांत सोडली.

त्याच्याकडे कोणती ‘प्रमाणपत्रे’ होती?

प्रमाणपत्रे म्हणजे शिफारसपत्रे. ती गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जकडून मिळाली. पुढे लखनऊला राहून तो फारसी आणि हिंदुस्थानी शिकला. त्याच्या चरित्रकारांनी एक प्रसंग सांगितला आहे. ग्वाल्हेरजवळ महादजींच्या छावणीवरून जाताना त्याचे सामान चोरीला गेले. पुढे सामान परत मिळाले, शिफारसपत्रे मात्र मिळाली नाहीत. डी बॉयन चिडला आणि त्याने महादजींच्या वेढ्यात सापडलेल्या गोहदच्या राण्यापुढे फौज उभारण्याची योजना मांडली. राण्याने ती नाकारली, वर महादजींच्या कानावरही जाऊ दिली. महादजी रागावले, पण ती योजना आखणाऱ्याची कुवतही त्यांनी हेरली. १७८४ मध्ये त्याच माणसाला त्यांनी चाकरीत घेतले.

करार काय होता?

प्रत्येकी ८५० शिपायांच्या दोन पलटणी उभ्या करायच्या. स्वतःला दरमहा एक हजार रुपये आणि प्रत्येक शिपायामागे आठ रुपये. इंग्रजांविरुद्ध लढणार नाही, अशी अट डी बॉयनने घातल्याचे सांगितले जाते. तोफा ओतण्यासाठी सँगस्टर नावाचा स्कॉटिश जाणकार सोबतीला आला. महादजींचा भर तोवर घोडदळावर होता. कवायती पायदळ आणि तोफा एकत्र चालवणारा माणूस त्यांना हवा होता आणि तो मिळाला.

१७८७ मध्ये लालसोटच्या लढाईत महादजींच्या बाजूची मोगल फौज शत्रूला जाऊन मिळाली, तरी या पलटणी हलल्या नाहीत. मध्यंतरी मतभेद होऊन डी बॉयन लखनऊला गेला आणि व्यापारात पडला. १७९० मध्ये महादजींनी त्याला परत बोलावले, या वेळी पूर्ण कंपू उभारण्यासाठी. त्याच वर्षी जूनमध्ये पाटण आणि सप्टेंबरमध्ये मेडता इथे या कंपूने जयपूर-जोधपूरच्या फौजांना हरवले. १७९३ मध्ये लाखेरीला त्याने होळकरांच्या कवायती पलटणी जवळजवळ संपवल्या. मराठ्यांची शक्ती मराठ्यांवरच खर्ची पडली, हे या विजयाचे कटू अंग.

इतर भाडोत्री अधिकाऱ्यांपेक्षा तो वेगळा का ठरला?

लढाईचा अनुभव अनेकांकडे होता. डी बॉयनने त्याला तीन गोष्टींची जोड दिली. पहिली, वेळेवर पगार: दुआबातील जहागिरीच्या उत्पन्नातून कंपूचा खर्च भागत असल्याने शिपायांची थकबाकी राहत नसे. दुसरी, जखमींची काळजी: जखमी शिपायाला भरपाई आणि अपंग झालेल्याला निर्वाहाची सोय, ही त्या काळी हिंदुस्थानात दुर्मीळ गोष्ट होती. तिसरी, नियमित कवायत आणि हिशेब. दोन्हींवर त्याची स्वतःची नजर असे.

मग उणीव कुठे राहिली?

ही सगळी पात्रता एका माणसाची होती, व्यवस्थेची नव्हती. फेब्रुवारी १७९४ मध्ये पुण्याजवळ वानवडीला महादजींचे निधन झाले. पुढच्या वर्षअखेरीस प्रकृती ढासळल्याने डी बॉयननेही चाकरी सोडली. सूत्रे पेराँकडे गेली. १८०३ मध्ये दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यात युद्ध पेटले. गव्हर्नर जनरल वेलस्लीने शिंद्यांच्या चाकरीतील ब्रिटिश अधिकाऱ्यांना नोकरी सोडण्याचे आवाहन केले, निर्वाहाची हमीही दिली. अनेक जण निघून गेले. खुद्द पेराँ इंग्रजांच्या आश्रयाला गेला. ४ सप्टेंबरला अलिगडचा किल्ला पडला. त्याच्या दरवाजाची वाट शिंद्यांच्याच चाकरीतून फुटलेल्या अधिकाऱ्याने दाखवली. १ नोव्हेंबरला लासवारी इथे बहुतेक युरोपीय अधिकारी नसतानाही देशी शिपाई शर्थीने लढले. पण उत्तर हिंदुस्थान हातचा गेला होता.

आज पात्रता कशी ठरते?

या कामात व्यक्तीइतकीच कंपनीचीही परीक्षा व्हावी, हा विचार आता रुजतो आहे. २००८ च्या माँत्रो दस्तऐवजाने युद्धक्षेत्रातील खासगी कंपन्यांबाबत सरकारांच्या जबाबदाऱ्या मांडल्या. २०१० च्या आंतरराष्ट्रीय आचारसंहितेत कर्मचाऱ्यांची पार्श्वभूमी तपासणे, प्रशिक्षण आणि बळाच्या वापरावरील मर्यादा यांचा समावेश आहे. भारतात २००५ चा खासगी सुरक्षा संस्था नियमन कायदा लागू आहे. त्यानुसार सुरक्षारक्षकाचे वय १८ ते ६५ दरम्यान असावे लागते, चारित्र्य पडताळणी आणि विहित प्रशिक्षण आवश्यक असते. केंद्राच्या आदर्श नियमांत १०० तास वर्गात आणि ६० तास मैदानावर प्रशिक्षण सुचवले आहे. परदेशात सुरक्षा पुरवायची तर संस्थेला नियंत्रक प्राधिकरणाची परवानगी लागते आणि ती देण्यापूर्वी केंद्र सरकारशी सल्लामसलत बंधनकारक आहे. त्यामुळे परदेशी नोकरीची हमी देणाऱ्या एजंटाकडे आधी संस्थेचा परवाना आणि ही परवानगी मागावी. समजेल अशा भाषेतला लेखी करार, जखमी झाल्यास विमा आणि परतीची सोय आहे का, हेही पाहावे.

डी बॉयनचे पुढे काय झाले?

मोठी संपत्ती घेऊन तो युरोपात परतला आणि शांबेरीत स्थायिक झाला. सार्डिनियाच्या राजाने त्याला काउंट केले. गावातील रुग्णालये आणि वृद्धांच्या आश्रमासाठी त्याने भरघोस देणग्या दिल्या. २१ जून १८३० रोजी त्याचे निधन झाले. शांबेरीच्या चौकात १८३८ पासून चार हत्तींचे कारंजे त्याच्या स्मरणार्थ उभे आहे. ज्या शिपायांच्या जोरावर ही कीर्ती मिळाली, ते लासवारीच्या मैदानात पडले. त्यांची नावे मात्र कुठे कोरलेली नाहीत.