मुंग्यांचं ‘दुसरं पोट’ ओळखणारा डॉक्टर : ऑगस्त फोरेल

भिंतीवरून जाणाऱ्या दोन मुंग्या मध्येच थांबून तोंडाला तोंड लावतात, हे तुम्ही पाहिलं असेलच. त्यामागचं गुपित उलगडण्यात स्वित्झर्लंडच्या ऑगस्त फोरेल यांचा मोठा वाटा आहे.

फोरेल यांचा जन्म १८४८ साली जिनिव्हा सरोवराकाठच्या मोर्झजवळ झाला. लहानपणी एकटे पडलेल्या या मुलाला मुंग्यांचा नाद लागला. आजीने त्याला पिएर ह्युबर यांचं मुंग्यांवरचं पुस्तक दिलं आणि तो नाद पक्का झाला. पुढे ते झुरिकमध्ये डॉक्टरकी शिकले, तरी मुंग्या सुटल्या नाहीत. १८७४ साली त्यांचा स्विस मुंग्यांवरचा मोठा ग्रंथ आला.

फोरेल यांनी मुंग्यांना निळा रंग मिसळलेला मध पाजला. तो मध पचनाच्या पोटात न जाता आधीच्या एका पिशवीत साठून राहिला. भुकेली मुंगी मिशांनी थोपटून मागायची आणि भरल्या पोटाची मुंगी त्यातला थेंब तिच्या तोंडात सोडायची. या पिशवीला त्यांनी ‘सामाजिक जठर’ म्हटलं. ते स्वतःसाठी नव्हे, वारुळासाठी असतं.

१८७९ ते १८९८ या काळात ते झुरिकच्या बुर्गहोल्झली मनोरुग्णालयाचे प्रमुख होते. मेंदूच्या पेशी सलग जाळं नसून सुट्या असतात, हा विचार त्यांनी १८८७ मध्येच मांडला. दारूबंदीसाठीही ते आयुष्यभर झटले.

पण याच माणसाची एक काळी बाजू आहे. ‘दुबळ्या’ लोकांना मुलं होऊ नयेत, असं ते मानत. त्यांनी काही रुग्णांवर तशा शस्त्रक्रियाही करवल्या. वाटून खाणाऱ्या मुंग्यांचं कौतुक करणाऱ्या फोरेल यांनी माणसांची मात्र अशी प्रतवारी लावली.

१९१२ मध्ये पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू लुळी पडली. ते डाव्या हाताने लिहायला शिकले आणि मुंग्यांच्या समाजावर पाच खंड लिहिले. १९३१ साली त्यांचं निधन झालं. १९७८ मध्ये हजार फ्रँकच्या स्विस नोटेवर त्यांचा चेहरा आणि मुंग्या झळकल्या.

२०१६ साली मोर्झजवळच्याच लोझान विद्यापीठातल्या संशोधकांनी सुतार मुंग्यांच्या तोंडातला तो थेंब तपासला. त्यात नुसतं अन्न नव्हतं. वारूळ ओळखण्याच्या रासायनिक खुणा होत्या, प्रथिनं होती आणि अळ्यांच्या वाढीवर परिणाम करणारं संप्रेरकही होतं. म्हणजे फोरेल यांना दिसलेल्या घासातून मुंग्या एकमेकींना निरोपही देत होत्या!