वर्ध्याचा मुलगा, मेक्सिकोचा मास्तर

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत मीही चार ओळी लिहाव्यात, असा भगिनींचा आग्रह झाला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा विद्वत्तेचे काही माझ्याकडून होणार नाही. पण हळदीकुंकवाला आपण जमलो की हल्ली एक विषय हटकून निघतो. कोणाचा मुलगा, कोणाची मुलगी परदेशी कामाला जायचे म्हणते आणि घरची माऊली काळजीत पडते. परक्या मुलखात आपल्या लेकराला कोण विचारील, काम कोण देईल, आणि ते परत येईल ना? त्यावरून मला पांडुरंग सदाशिव खानखोजे यांची आठवण होते. ते काही फार दूरचे नव्हेत. आपल्या जिल्ह्याच्या कडेने वाहणाऱ्या वर्धा नदीच्या पलीकडले, वर्धा गावचे.

गेल्या शतकाच्या सुरुवातीला लोकमान्य टिळकांच्या विचारांनी सगळे तरुण भारले गेले होते. आपल्या वणीचे बापूजी अणे त्यांतलेच, आणि वर्ध्याचे पांडुरंगरावही त्यांतलेच. देश स्वतंत्र करायचा तर लढाईची विद्या हवी, आणि इंग्रजांच्या राज्यात ती मिळणे नाही, म्हणून त्यांनी घर सोडले. आधी जपान गाठले, तिथून अमेरिका. तिथे सैनिकी शाळेत शिकले आणि वॉशिंग्टन राज्यातल्या कॉलेजात शेतकीचाही अभ्यास केला. देशाला बंदूक पाहिजे तशी भाकरही पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते.

त्या काळी अमेरिकेत आपल्या माणसाला मान नव्हता. पंजाबचे शेतकरी तिथे लाकडाच्या गिरण्यांत राबत. हे लोक कमी मजुरीत काम करतात म्हणून गोरे मजूर त्यांच्यावर डूख धरीत. १९०७ साली बेलिंगहॅम गावात तर जमावाने त्यांना मारून गावाबाहेर हुसकले. मायदेशाचे सरकार पाठीशी नाही, तो माणूस परदेशात पोरका असतो, हे या मजुरांना मार खाऊन कळले. पांडुरंगराव या लोकांत मिसळले. त्यांतूनच १९१३ साली गदर पक्ष उभा राहिला आणि त्याच्या लढाऊ कामाची जबाबदारी खानखोज्यांनी घेतली.

पुढे १९१४ साली महायुद्ध पेटले. पांडुरंगराव तुर्कस्तानमार्गे इराणात गेले, इंग्रजांच्या फौजेशी लढले, जखमी झाले, पकडले गेले आणि निसटले. त्यानंतर बर्लिन झाले, मास्को झाले. इंग्रजांच्या काळ्या यादीत नाव असल्यामुळे मायदेशाचे दार बंद होते. अमेरिकेतही १९२३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हिंदी माणसाला नागरिकत्व मिळणार नाही असा निकाल दिला. अशा वेळी, १९२४ साली, ते मेक्सिकोत पोहोचले. वय चाळिशीच्या आसपास, मुलूख परका आणि भाषा स्पॅनिश.

तिथे त्यांच्या कामी आली ती शेतकीची विद्या. मेक्सिकोत १९१० साली क्रांती झाली होती आणि मोठमोठ्या जमीनदारांच्या जमिनी शेतकऱ्यांना वाटणे सुरू झाले होते. जमीन मिळाली, पण ती चांगली पिकवायची कशी हे गरिबाला कोण शिकवणार? राजधानीजवळ चापिंगो येथे सरकारी शेतकी विद्यालय होते. त्याची जागाही पूर्वी एका जमीनदाराचीच. तिथे पांडुरंगराव शिकवू लागले. शिवाय खेड्यापाड्यांतल्या शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा निघाल्या, त्यांचेही काम त्यांनी अंगावर घेतले.

भगिनींनो, मेक्सिकोचे मुख्य अन्न मका. तिथल्या बायका मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, आपल्या पाट्यासारख्या दगडावर वाटतात आणि हातावर थापून त्याची पोळी भाजतात. आपल्या ज्वारीच्या भाकरीची ती बहीणच. त्या मक्यावर आणि गव्हावर पांडुरंगरावांनी संशोधन केले. थंडीला आणि अवर्षणाला टिकतील असे वाण काढण्याची खटपट केली. परक्या माणसाने त्यांच्या चुलीवरच्या भाकरीची काळजी वाहिली, मग त्या लोकांनी त्याला परके का मानावे? दिएगो रिव्हेरा या तिथल्या थोर चित्रकाराने राजधानीत शिक्षणखात्याच्या इमारतीच्या भिंतीवर चित्रे काढली. त्यांतल्या एकात जेवणाच्या मेजाशी बसून सर्वांना भाकर वाटणारा माणूस आहे, तो म्हणजे आपले खानखोजे.

१९३६ साली त्यांनी बेल्जियमच्या जान सिंदिक या बाईंशी लग्न केले. दोन मुली झाल्या. एकीचे नाव सावित्री ठेवले. एवढ्या दूर राहूनही घरचे नाव विसरले नाहीत. याच सावित्रीबाईंनी पुढे वडिलांचे चरित्र लिहिले.

देश स्वतंत्र झाल्यावर परतायचे ठरले, तेव्हा आणखी एक दुःख वाट्याला आले. इंग्रज गेले, पण त्यांची काळी यादी कचेरीत तशीच राहिली होती. ज्या देशासाठी आयुष्य उधळले, त्याच्याच दाराशी त्यांना अडवले गेले. चौकशी होऊन अडचण दूर झाली आणि अखेर ते नागपुरास स्थायिक झाले. २२ जानेवारी १९६७ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. त्यांचा पुतळा २०२२ साली चापिंगोला उभा राहिला.

आपल्याकडे मात्र त्यांचे नाव फारसे कोणी घेत नाही, याचे मला वाईट वाटते. लेकरू परदेशी निघाले तर डोळ्यांत पाणी यायचेच. पण त्याच्या पिशवीत लोणच्याच्या बरणीबरोबर हाताला येणारी एखादी विद्या आहे की नाही, हे आईने जरूर पाहावे. तिथली भाषा शिक, कामाची लाज धरू नकोस, आणि ज्यांचे अन्न खाशील त्यांच्या उपयोगी पड, एवढे सांगावे. ते परत येईल तेव्हा दार उघडे ठेवणे आपल्याकडे लागले. अन् कोणी परक्या गावचा माणूस पोटासाठी आपल्या यवतमाळात आला, तर त्यालाही तांब्याभर पाणी द्यावे.