वाल्देमार हाफकिन आणि मुलकोवालची बाटली

मुंबईत दिवस काढलेल्या वडीलधाऱ्यांना परळची हाफकिन इन्स्टिट्यूट कुठे आहे ते सांगावे लागत नाही. केईएम हॉस्पिटलच्या जवळचीच ती जुनी इमारत. सर्पदंशावरचे औषध किंवा कुत्रा चावल्यावरची लस म्हटली की तिचे नाव निघायचे. मात्र हाफकिन कोण हे विचारले तर पुष्कळजण सांगतील की असेल कोणी इंग्रज साहेब. हाफकिन इंग्रज नव्हते. ते रशियन साम्राज्यातल्या ओडेसा शहरात १५ मार्च १८६० रोजी जन्मलेले यहुदी होते. ज्या रोगाशी त्यांचे नाव जोडले गेले तो प्लेग, पण त्यांच्यावर घाव घातला तो प्लेगने नव्हे, मातीतल्या एका वेगळ्याच जंतूने.

ओडेसाच्या विद्यापीठात ते प्राणिशास्त्र शिकले. त्यांचे गुरू मेच्निकोव्ह पुढे नोबेल मिळालेले मोठे शास्त्रज्ञ. त्या काळात यहुद्यांवर दंगेखोर चालून येत, तेव्हा तरुण हाफकिन वस्तीच्या रक्षणाला उभ्या राहिलेल्या मुलांत होते. त्यात ते जखमी झाले, पकडलेही गेले, आणि गुरूंनी रदबदली केली म्हणून सुटले. शिक्षण संपल्यावर प्राध्यापकी मिळू शकली असती, पण त्यासाठी धर्म बदलायला हवा होता. तो त्यांनी बदलला नाही. मग संग्रहालयातली लहानशी नोकरी, पुढे जिनिव्हा, आणि १८८९ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये ग्रंथालयातले मदतनीसाचे काम. पुस्तके लावून उरलेल्या वेळात ते प्रयोगशाळेत बसत.

तिथे त्यांनी पटकीवरची, म्हणजे कॉलऱ्यावरची लस तयार केली आणि जुलै १८९२ मध्ये पहिली सुई स्वतःलाच टोचून घेतली. पटकीचे जंतू पाण्यात राहतात, आणि बंगालातल्या वस्त्यांत लोक एकाच तळ्याचे पाणी पीत, त्यातच भांडी घाशीत. म्हणून १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्याला आले. पुढच्या वर्षी तिथल्या एका वस्तीत त्यांनी ११६ जणांना लस दिली. त्यानंतर त्या वस्तीत पटकीचे जे नवे रोगी निघाले, ते लस न घेतलेल्यांतले. लोकांचा विश्वास बसू लागला. ते वैद्यकीचे डॉक्टर नव्हते, ही गोष्ट मात्र अनेक इंग्रज डॉक्टरांना शेवटपर्यंत खुपत राहिली.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी पहिल्यांदा प्लेग ओळखला. १७९६ साली उभे राहिलेले बेने इस्राएलांचे सर्वांत जुने सिनेगॉग, शाआर हारहामीम, याच मांडवीतले. म्हणजे रोग दारातच आला होता. लोक गावाकडे पळू लागले, सरकारी माणसे घरात घुसून आजाऱ्यांना उचलून नेऊ लागली. ऑक्टोबरात हाफकिन मुंबईत पोचले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि मोजकी माणसे मिळाली.

जंतू वाढवायला मांसाचा रस्सा लागतो. हिंदू गाईचे घेणार नाहीत, मुसलमान डुकराचे घेणार नाहीत, म्हणून त्यांनी बकऱ्याचे मांस वापरले. रश्शावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले. त्या थेंबांना धरून प्लेगचे जंतू वडाच्या पारंब्यांसारखे खाली लोंबत वाढत. भांडे हलवले की पारंब्या तुटून तळाशी बसत आणि नव्या फुटत. काही आठवड्यांनी भांडे तापवून जंतू मारायचे, की लस तयार. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. ताप आला, हात सुजला, पण त्यांनी काम थांबवले नाही. महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा तिथल्या कैद्यांपैकी जे राजी झाले त्यांना लस दिली, आणि तिचा गुण दिसून आला. तरुण आगाखानांनी स्वतः लस घेतली, आपल्या खोजा अनुयायांना घ्यायला लावली, आणि कामासाठी आपली इमारतही दिली. १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्रयोगशाळा हलली. यहुद्यांना पॅलेस्टाइनमध्ये जमिनी घेऊन वसू द्यावे, असा प्रस्ताव तुर्कस्तानच्या सुलतानापर्यंत पोचवावा म्हणून हाफकिन यांनी याच आगाखानांकडे शब्द टाकला होता. सुलतानाने तो नाकारला. लशीच्या कामात गळ्यापर्यंत बुडालेल्या माणसाला हेही सुचत होते, हे मुद्दाम ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

मग आली ३० ऑक्टोबर १९०२ ही तारीख. पंजाबातल्या मुलकोवाल गावात त्या दिवशी १०७ जणांना लस टोचली. पाच बाटल्या उघडल्या होत्या. आठवडाभरात १९ जणांचे जबडे आवळले, अंगे धनुष्यासारखी ताठली आणि ते सगळे दगावले. त्या १९ जणांना ५३-एन हा क्रमांक असलेल्या एकाच बाटलीतली लस दिली होती. बाकीच्या ८८ जणांना काही झाले नाही.

हा धनुर्वात होता. त्याचे जंतू रोग्याकडून रोग्याकडे जात नाहीत. ते मातीत आणि शेणात असतात, अंगणात, शेतात, रस्त्यावर, सगळीकडे. कोरड्या धुळीत ते टणक कवच घालून वर्षानुवर्षे पडून राहतात, औषधी पाण्यात क्षणभर बुडवल्याने मरत नाहीत, आणि हवा न पोचणारी जागा मिळाली की जागे होतात. सुईने त्वचेखाली गेले की त्यांना हवी तशी जागा मिळते. त्या दिवशी बाटलीचे बूच काढायचा चिमटा साहाय्यकाच्या हातून जमिनीवर पडला होता. त्याने तो कार्बॉलिकच्या पाण्यात जरासा खळबळवला आणि त्यानेच बूच ओढले. ही गोष्ट चौकशीत सांगितली गेली होती. पण एवढ्याशा मातीला महत्त्व कोण देणार?

चौकशी समितीने दोष परळवर ठेवला. हाफकिन यांनी लशीत कार्बॉलिक आम्ल घालणे बंद करून केवळ उष्णतेवर भिस्त ठेवली होती. पाश्चर इन्स्टिट्यूटमध्येही तीच पद्धत होती, तरी ती बेफिकिरी ठरली. त्यांना पदावरून बाजूला केले आणि १९०४ मध्ये ते भारत सोडून गेले. ज्याने पहिली सुई दोन्ही वेळा स्वतःलाच टोचली, त्याच्यावर १९ माणसांच्या मृत्यूचा डाग राहिला. फ्रान्समधल्या ड्रायफसप्रमाणे हेही एका यहुद्याला बळी देणेच आहे, असे तेव्हा काहींनी बोलून दाखवले. त्यात तथ्य असेल, पण एकट्या द्वेषाने हे घडले नाही. सरकारला दोषी लवकर हवा होता, आणि पायाखालची धूळ कुणाला दोषी वाटली नाही.

त्यांच्या मदतीला धावले ते मलेरिया डासांमुळे पसरतो हे दाखवून देणारे रोनाल्ड रॉस. त्यांचा मुद्दा साधा होता. ती बाटली गावात उघडण्याच्या ४१ दिवस आधी परळला भरली होती. धनुर्वाताचे जंतू तेव्हाच आत गेले असते तर एवढ्या दिवसांत वाढून त्यांनी घाण वास सोडला असता, आणि साठलेल्या विषाने रोगी फार लवकर आजारी पडले असते. पण बाटली उघडताना वास आला नव्हता, आणि लक्षणे दिसायला आठवडा लागला. म्हणजे जंतू उघडतानाच शिरले. जुलै १९०७ मध्ये दहा शास्त्रज्ञांच्या सह्यांचे पत्र लंडनच्या टाइम्समध्ये छापून आले आणि त्याच वर्षाअखेर सरकारने त्यांना निर्दोष मानले.

हाफकिन पुन्हा भारतात आले, पण परळची खुर्ची तोवर दुसऱ्याला दिली होती. त्यांना कलकत्ता मिळाले. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ते निवृत्त होऊन फ्रान्सला गेले. उतारवयात ते काटेकोर धर्मनिष्ठ झाले, त्यावर १९१६ मध्ये त्यांनी एक निबंधही लिहिला. लग्न केले नव्हते. जमा केलेला पैसा त्यांनी पूर्व युरोपातल्या येशिवांना ठेवला. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव दिले गेले, तेव्हा ते हयात होते. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात ते वारले. त्यांच्या रोजनिशा आणि कागदपत्रे आज जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत.