हेर्नहूटचे काउंट झिंझेंडॉर्फ

जर्मनीच्या पूर्व टोकास, सॅक्सनी प्रांतात, हेर्नहूट नावाचे एक लहानसे गाव आहे. प्रभूची राखण, असा त्या नावाचा अर्थ होतो. डेन्मार्क, उत्तर आयर्लंड व अमेरिका येथील तशाच वसाहतींसह २०२४ साली युनेस्कोने त्याची जागतिक वारशात गणना केली. तेथे किल्ला नाही की गगनचुंबी मंदिर नाही. मग हा मान त्यास कशामुळे मिळाला, हे समजण्यास त्या गावाच्या आश्रयदात्याचे चरित्र पाहिले पाहिजे.

निकोलस लुडविग काउंट झिंझेंडॉर्फ यांचा जन्म २६ मे १७०० रोजी ड्रेस्डेन शहरी झाला. काही आठवड्यांतच पिता वारले. आजीने त्यांस भक्तीत वाढविले. दहाव्या वर्षी ते हाले येथे फ्रांके यांच्या शाळेत गेले. तेथे आपल्या देशाच्या तामिळ किनाऱ्यावरील तरंगंबाडीच्या मिशनऱ्यांची कार्ये त्यांच्या कानी पडली, आणि ते बीज बालमनात खोल रुजले. पुढे घरच्यांच्या इच्छेस्तव त्यांनी कायद्याचा अभ्यास करून दरबारी नोकरी धरली.

१७२२ साली त्यांनी आजीकडून बेर्टेल्सडोर्फची जहागीर विकत घेतली. त्याच वर्षी मोरेव्हिया देशात विश्वासास्तव छळ सोसलेली काही कुटुंबे आश्रयास आली. ख्रिस्तियन डाव्हिड नामक सुताराने १७ जून रोजी रानातील पहिले झाड तोडले, आणि हेर्नहूटचा आरंभ झाला.

पाच वर्षांत वस्ती सुमारे ३०० झाली. घरे उभी राहिली, परंतु मने दुभंगली. कोणी पूर्वजांच्या रीतीस चिकटलेले, कोणी लूथरच्या मताचे, कोणी तिसऱ्याच पंथाचे. उपासनेवरून तंटे माजले. एकाने तर आश्रयदात्या काउंटांसच प्रकटीकरणातील श्वापद ठरविले. जमीन काउंटांची, अधिकारही त्यांचाच. एका हुकुमाने ते सर्वांस सीमेपार घालविते. कोणी त्यांस दोषही देता ना. पण त्यांनी ड्रेस्डेनचे काम सोडले, हेर्नहूटात बिऱ्हाड केले, आणि घरोघर जाऊन सुताराशी, विणकऱ्याशी बसून बोलणी केली. १२ मे १७२७ रोजी सर्वांनी एकत्र वागण्याचे नियम मान्य केले व बारा वडील निवडले. १३ ऑगस्ट रोजी बेर्टेल्सडोर्फच्या मंदिरात प्रभुभोजनाच्या वेळी कालचे वैरी अश्रू ढाळीत एकमेकांस भेटले. त्याच महिन्यात अहोरात्र आळीपाळीने प्रार्थना सुरू झाली. ती शंभरांहून अधिक वर्षे चालली.

घरातील भांडण मिटले, तेव्हाच मंडळीस बाहेरचे जग दिसू लागले. १७३१ साली कोपनहेगन येथे काउंटांस वेस्ट इंडीज बेटांतील अँटोन नावाचा दास भेटला व त्याने आपल्या बांधवांची दुःस्थिती सांगितली. पुढील वर्षी डोबर हा कुंभार व निचमान हा सुतार तिकडे निघाले. त्याच बंधुमंडळीचे लोक १८८५ साली लडाखात लेह येथेही आले.

काउंट निर्दोष नव्हते. १७३६ साली सरकारने त्यांस हद्दपार केले. परतण्यास अकरा वर्षे लागली. मध्यंतरी त्यांच्या अनुयायांत भावनेचा अतिरेक झाला, त्यास त्यांचाही हातभार होता. शेवटी त्यांनीच त्यास आवर घातला. मंडळीवर मोठे कर्ज झाले. या काळात पत्नी एर्डमूथ यांनी कारभाराचा भार वाहिला. ९ मे १७६० रोजी काउंट हेर्नहूट येथे प्रभूमध्ये निजले.

तेथील दफनभूमीस देवाचे शेत म्हणतात. पुरुष एका बाजूस, स्त्रिया दुसऱ्या बाजूस; श्रीमंत व गरीब दोघांवर सारखेच आडवे दगड. मध्यभागी काउंटांच्या घराण्याच्या कबरी मात्र मोठ्या आहेत. मानवी थोरवीचा तेवढा अवशेष उरला. मे १९४५ मध्ये आगीत गावाचा मध्यभाग व प्रार्थनामंदिर भस्म झाले. लोकांनी ते पुन्हा बांधले. १७३१ पासून छापली जाणारी दररोजच्या वचनांची पुस्तिका मात्र आजही दरवर्षी निघते.

प्रिय वाचकहो, मंदिर बांधण्यास दगडचुना लागतो. मंडळी बांधण्यास, ज्याच्याकडे मोठेपणा आहे त्याने आधी भावाच्या उंबऱ्याशी जावे लागते. आपल्या गावी दोन घरांचे बोलणे तुटले असेल, तर पुढील प्रभुभोजनापूर्वी त्या घरी प्रथम कोणी जावे, याचा विचार ज्याने त्याने आपल्या मनाशी करावा.