विश्लेषण : टेंडरची फाईल उघडणारा धर्मोपदेशक

रस्त्याचे काम कोणाला मिळाले, किती ठेकेदारांनी निविदा भरल्या, दर काय होते, हे आज माहिती अधिकारात विचारता येते. सरकारी कागद जनतेलाही पाहता आला पाहिजे, हे तत्त्व मान्य करणारा जगातील पहिला कायदा १७६६ मधील स्वीडनचा मानला जातो. त्यामागे होते अँडर्स क्युडेनियस.

कोण होते क्युडेनियस?

त्यांचा जन्म २६ फेब्रुवारी १७२९ रोजी सोत्कामो येथे झाला. हे गाव आज फिनलंडमध्ये आहे. तेव्हा फिनलंड स्वीडनच्या राज्याचा भाग होता. वडील धर्मोपदेशक. तुर्कू आणि उप्साला येथे शिकून १७५३ मध्ये तेही एका छोट्या गावच्या चर्चमध्ये रुजू झाले. गावकऱ्यांना देवी टोचणे, डोळ्यांच्या शस्त्रक्रिया करणे ही कामेही ते करत.

राजकारणात कसे आले?

त्या भागाची कमाई पाइनच्या लाकडापासून काढलेल्या डांबरावर चाले. जहाजांसाठी या डांबराला परदेशात मोठी मागणी होती. मात्र किनाऱ्यावरील गावांना ते थेट परदेशी विकता येत नसे. व्यापाराची नाडी स्टॉकहोमच्या व्यापाऱ्यांच्या हाती होती. १७६५ मध्ये क्युडेनियस धर्मोपदेशकांचे प्रतिनिधी म्हणून संसदेत गेले आणि त्याच वर्षी कोक्कोलासह काही शहरांना थेट व्यापाराचा हक्क मिळाला. मक्तेदारीविरुद्ध त्यांनी लिहिलेली पुस्तिकाही त्याच वर्षीची, म्हणजे अ‍ॅडम स्मिथ यांच्या प्रसिद्ध ग्रंथाच्या ११ वर्षे आधीची.

कायद्यात काय होते?

२ डिसेंबर १७६६ च्या या कायद्याने धार्मिक लेखन वगळता पूर्वतपासणी रद्द केली. सोबतच न्यायालये, सरकारी कचेऱ्या आणि संसदेचे कागद पाहण्याचा, त्यांच्या नकला घेण्याचा व त्या छापण्याचा हक्क दिला. छापण्याची मुभा आहे, पण मूळ कागद कुलपात आहे, अशा स्थितीत चर्चा ऐकीव गोष्टींवरच होते. म्हणून हे दोन्ही हक्क एकत्र आले.

त्यांना त्याचे काय फळ मिळाले?

कायदा लागू होण्याआधीच त्यांना संसदेतून काढण्यात आले होते. संसदेच्या चलनविषयक धोरणावर त्यांनी छापील टीका केली, हा त्यांचा गुन्हा. पुढे १७७२ मध्ये राजा तिसरा गुस्ताव्ह याने सत्ता आपल्या हाती घेतली आणि १७७४ मध्ये या स्वातंत्र्याला कात्री लावली. क्युडेनियस मात्र १७७८-७९ च्या संसदेत परतले. परदेशी नागरिकांचे धर्मस्वातंत्र्य आणि घरगड्यांचे हक्क यांसाठी भांडले. १७७० पासून ते कोक्कोलाचे मुख्य धर्मोपदेशक होते. तेथेच १ फेब्रुवारी १८०३ रोजी त्यांचे निधन झाले.

आजच्या टेंडरशी संबंध काय?

स्वीडनमध्ये कंत्राटाचा निर्णय होईपर्यंत निविदा गुप्त असतात, म्हणजे एकाचा दर दुसऱ्याला कळत नाही. निर्णयानंतर त्या सामान्यतः खुल्या होतात. खऱ्या व्यापारी गुपितांचा भाग तेवढा झाकता येतो.

महाराष्ट्रात माहिती अधिकाराचा राज्य कायदा २००२ मध्ये झाला, तर देशाचा कायदा २००५ मध्ये. केंद्रीय कायद्याच्या कलम ८(१)(ड) नुसार व्यापारी गोपनीयता व व्यापारी गुपिते यांची माहिती नाकारता येते, पण त्याने ठेकेदाराच्या स्पर्धेतील स्थानाला बाधा येत असेल तरच. व्यापक जनहित असेल, तर अशी माहितीही द्यावी लागते. कलम १० नुसार गुप्त भाग वगळून उरलेला कागद देता येतो.

म्हणूनच ‘ठेकेदाराची खासगी बाब’ असे उत्तर आले, तर अर्जदाराने तिथेच थांबण्याचे कारण नाही. अपिलात नकार योग्य होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदाराची नसून, कलम १९(५) नुसार माहिती नाकारणाऱ्या अधिकाऱ्याची आहे.