पंडिता रमाबाई यांचे भाषाध्ययन

इंजिनियरिंगच्या महाविद्यालयात गेलेले आमचे माजी विद्यार्थी सुटीत भेटावयास आले, की एक कुरकुर हटकून कानी पडते. यंत्रे शिकावयास गेलो असता ही स्पॅनिश भाषा कशास? शब्द पाठ करावे, परीक्षा द्यावी, आणि पुढल्या महिन्यात सारे विसरून जावे! अशा वेळी आम्ही वाद न घालता एका बाईंचे चरित्र सांगत असतो. तेच येथे देतो.

पंडिता रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नीस संस्कृत शिकविले होते; मातोश्री लक्ष्मीबाईंनी ते धन कन्येस दिले. पुराणे सांगत हे कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडे. दुष्काळात आईबाप गेले, आणि भावासह पायपीट करीत बाई १८७८ साली कलकत्त्यास पोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांस 'पंडिता' व 'सरस्वती' ह्या पदव्या दिल्या. या भ्रमंतीत त्यांस देशी भाषा अनेक येऊ लागल्या; इंग्रजी मात्र येत नव्हती, आणि तिच्यावाचून त्यांचे काही अडलेही नव्हते.

अडले ते पुढे. १८८२ साली पती बिपिनबिहारी मेधावी निवर्तले. वय तेवीस, पदरी मनोरमा ही तान्ही मुलगी. बाई पुण्यास आल्या. त्याच वर्षी हंटर कमिशनपुढे साक्ष देताना त्यांनी मराठीतून सांगितले की, आमच्या स्त्रिया पुरुष डॉक्टरास आपले दुखणे सांगत नाहीत. म्हणून स्त्रियांस वैद्यकी शिकविली पाहिजे. मग ती आपणच का शिकू नये? परंतु ती विद्या इंग्रजीत! तेव्हा 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहून त्यांनी प्रवासखर्चाची तजवीज केली व १८८३ साली मुलीसह विलायत गाठली.

वाँटेज येथील मठात त्यांनी भगिनींस मराठी शिकवावी आणि त्यांजकडून इंग्रजी शिकावी, असा सौदा ठरला. त्याच वर्षी तेथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. परंतु त्यांस ऐकू कमी येई, आणि त्या व्यंगामुळे वैद्यकीचे दार बंद झाले. जिला ऐकू नीट येत नाही तिने परक्यांचे उच्चार कसे टिपले असतील, याचा विचार आमच्या धडधाकट कानांच्या मुलांनी करावा. मूळ हेतू गेला तरी बाईंनी भाषा सोडली नाही. चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या कॉलेजात त्या स्वतः शिकल्या व संस्कृत शिकवू लागल्या. १८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभास त्या अमेरिकेस गेल्या, आणि हीच कष्टार्जित इंग्रजी तेथे गावोगाव हिंदू विधवांची बाजू मांडू लागली. १८८७ मध्ये त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले, बॉस्टनला साहाय्यक मंडळी उभी राहिली, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत 'शारदा सदन' सुरू झाले.

पुढे केडगावास 'मुक्ति' वसली. हे आपल्या नगराशेजारचे केडगाव नव्हे. दौंडाहून पुण्याकडे जाताना लागते ते. दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली तेथे राहत. प्रचलित मराठी पवित्र शास्त्रातील संस्कृतप्रचुर शब्द या मुलींस कळत नाहीत, हे बाईंनी पाहिले. मग पन्नाशीच्या सुमारास, ज्या वयात आम्ही शिक्षक नवे क्रमिक पुस्तक पाहूनही कपाळास आठी घालतो, त्या वयात त्यांनी मुळावरून भाषांतर करण्यासाठी इब्री व ग्रीक यांचे अध्ययन केले. इब्री भाषेचे एक व्याकरणही त्यांनी मराठीत रचले. भाषांतराचे खिळे जुळविणे व छपाई ही कामे मुक्तीतील स्त्रियाच करीत. ते भाषांतर मंडळ्यांतून फारसे रूढ झाले नाही, हे खरे. शब्दास शब्द ठेवण्याच्या आग्रहाने ते काही ठिकाणी अवघड झाले आहे, असे आम्हांसही वाटते.

१९२१ साली मनोरमाबाई वारल्या. ज्या तान्ह्या मुलीस घेऊन समुद्र ओलांडला होता, तीच आईच्या आधी गेली. बाईंनी काम थांबविले नाही. मुद्रिते तपासून झाली, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या. ग्रंथ १९२४ मध्ये लोकांच्या हाती आला.