थेंबातले तारे पाहणारे स्पालान्झानी

लाझारो स्पालान्झानी हे इटली देशातले थोर शास्त्रज्ञ. त्यांचा जन्म १७२९ साली स्कांदियानो या गावी झाला. वडील वकील होते. म्हणून लाझारोही बोलोन्या शहरी कायदा शिकायला गेले. पण तिथे त्यांच्या नात्यातल्या लाउरा बास्सी या विदुषी पदार्थविज्ञान शिकवीत. त्यांच्यामुळे लाझारोंना विज्ञानाची गोडी लागली आणि कायदा मागे पडला. पुढे ते धर्मगुरू झाले. १७६९ पासून ते पाव्हिया येथे प्राध्यापक होते.

सूक्ष्म जीव आपोआप जन्मतात, असं तेव्हा पुष्कळांना वाटे. लाझारोंनी बाटल्यांची तोंडं बंद करून आतला रस्सा खूप वेळ उकळला. त्यात जीव झाले नाहीत!

साचलेल्या पाण्यात पॅरामेशियम नावाचा जीव राहतो. त्याचं सगळं शरीर म्हणजे एकच पेशी. लाझारोंनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, तर त्याच्या अंगात दोन चिमुकले तारे! ताऱ्याच्या मधला फुगा हळूहळू भरे आणि एकदम रिकामा होई. पुन्हा भरे, पुन्हा रिकामा. हे त्यांनी १७७६ साली लिहून ठेवलं. हा जीव श्वास घेत असावा, असा त्यांनी तर्क केला.

तर्क चुकला. तो श्वास नव्हता, तो पंप होता. सुके मनुके पाण्यात टाकले की फुगतात ना? तसंच डबक्याचं गोडं पाणी पॅरामेशियमच्या अंगात सारखं शिरतं. कारण त्याच्या आत क्षार जास्त आणि बाहेर कमी. गळक्या होडीतलं पाणी उपसावं, तसं हे फुगे ते बाहेर टाकतात. नाहीतर बिचारा फुगून फुटेल! पाण्यात थोडं मीठ वाढलं, की पाणी कमी शिरतं आणि पंपही सावकाश चालतो. खाऱ्या समुद्रातल्या अनेक एकपेशीय जीवांना तर असा पंपच नसतो. मीठ फारच झालं, तर मीठ लावलेल्या कैरीसारखं अंगातलंच पाणी बाहेर येतं.

१७९९ साली पाव्हिया येथे स्पालान्झानी वारले. त्यांचा तर्क टिकला नाही, पण डोळ्यांनी पाहिलेलं खरं ठरलं. ते नीट लिहिलेलं होतं, म्हणून पुढच्यांना त्याचा अर्थ शोधता आला. आपणही प्रयोगवहीत जे दिसलं ते आधी लिहावं आणि जे वाटलं ते त्याच्या खाली वेगळं लिहावं.